हे घर आपले आहे

चर्चमध्ये दानाची दुसरी पिशवी माझ्यापर्यंत आली तेव्हा माझा हात पर्समध्ये होता. तो बाहेर आला तेव्हा त्यात नोट नव्हती, रुमालात गुंडाळलेली आईची कवळी होती, आणि ती मी पिशवीत टाकली. मुद्दाम टाकली की चुकून, हे मला आजही कोणी शपथेवर विचारलं तर सांगता येणार नाही. कवळी तशी हलकी असते, पण पिशवीच्या तळाशी नाणी होती, त्यांच्यावर ती अशी टक्कन वाजली की पुढच्या बाकावरच्या बाई मागे वळून बघायला लागल्या. पिशवीची लांब दांडी दोन्ही हातांनी धरून माझा भाऊ उभा होता. सख्खा, थोरला. दादा. त्याने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळावर एक आठी न आणता दांडी माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीशी सरकवली. दादाचं हे असंच. चर्चचं छत कोसळलं तरी तो आधी दान गोळा करून घेईल आणि मग विटा उचलायला वाकेल. ऑर्गन सुरू झाला, लोक उभे राहिले, मीही उभी राहिले, आणि गाताना माझ्या लक्षात आलं की माझी जीभ माझ्याच खालच्या दातांवरून फिरते आहे, सगळे जागेवर आहेत ना हे चाचपत.

पहिली पिशवी काळी. ती गरिबांसाठी, आणि ती आमच्या आजोबांच्या काळापासून फिरते आहे. दुसरी जांभळी, मखमलीची, नवी. तिचं नाव 'दावा निधी', आणि त्याचा हिशेब दादाकडे. आमच्या पंथाच्या सगळ्या चर्चांची मिळून एक वरची सभा आहे, तिला आम्ही सिनॉड म्हणतो, आणि या सिनॉडने आपल्याच रुग्णालयावर दावा लावला आहे. कॉलेजवर आणि वृद्धाश्रमावरही लावला आहे, पण ते तोंडी लावायला. खरं भांडण रुग्णालयाचं. कागदोपत्री या सगळ्यांना 'संलग्न संस्था' म्हणतात. संलग्न म्हणजे चिकटलेलं. कोणी चिकटवलं, कशाने, आणि ओढून काढलं तर कातडी कोणाची निघेल, हे ठरवायला वकील लागतात आणि वकिलांना पैसे लागतात. रुग्णालयाच्या विश्वस्तांनी एके दिवशी ठराव केला की आम्ही स्वतंत्र आहोत, आमचे डॉक्टर आम्ही नेमू, आमची जमीन आम्ही बघू, बिशपांनी यावं, प्रार्थना करावी, चहा घ्यावा आणि जावं. सिनॉड म्हणाली, बांधलं कोणी? झालं. तेव्हापासून दर रविवारी ही पिशवी फिरते. गंमत अशी, आणि तिला गंमतच म्हणायचं, की मंडळीतले निम्मे लोक त्याच रुग्णालयात नोकरीला आहेत. तिथे त्यांच्या पगारातून 'बचाव निधी' कापून घेतात. म्हणजे एक्स-रे काढणारा माझ्या मागच्या बाकावर बसतो, तो आठवडाभर एका वकिलाला पोसतो आणि रविवारी दुसऱ्याला. मी त्याला एकदा आपलं सहज विचारलं, "अरे, कोण जिंकावं म्हणून प्रार्थना करतोस तू?" तर इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, कोणीही जिंको, पण लवकर." मी हसले होते तेव्हा. तेव्हा मला हसायला परवडत होतं.

कवळी माझ्या पर्समध्ये आली ती आदल्या दिवशी. दात बनवणं हे माझं काम. दंतवैद्य माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आणि खिडकी नसलेल्या एका खोलीत बसून मी त्या मापात प्लास्टर ओतते, मेणात दात रोवते, घासते, चमकवते. अर्ध्या शहराच्या तोंडात माझी कामं आहेत आणि रस्त्यात कोणी मला ओळखत नाही. पण आईची कवळी सैल झाली ते माझ्याच लक्षात आलं नाही. म्हातारपणी हिरड्या झिजत जातात, कवळी होती तेवढीच राहते, मग ती बोलताना उठते, चावताना सरकते. आई रुग्णालयाच्या मागच्या अंगाला दीर्घ आजाराच्या वॉर्डात असते. ज्या नर्सबायांनी आख्खा जन्म तिथे काढला त्यांना शेवटपर्यंत तिथेच ठेवायचं, ही रुग्णालयाची जुनी रीत, आणि त्याचा खर्च सिनॉडच्या अनुदानातून व्हायचा. शनिवारी कवळी नीट करायला घेऊन मी निघाले तर वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरने मला दाराशी गाठलं. "या महिन्याच्या शेवटी आईंना न्यावं लागेल तुम्हाला," त्या म्हणाल्या. "वॉर्ड बंद होतोय." मी म्हटलं, बंद म्हणजे? त्या म्हणाल्या, अनुदान येत नाही. मी म्हटलं, का येत नाही? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वेड पांघरून पेडगावला निघालेय. "तुमच्या दादांना विचारा ना. त्यांच्या निधीतच वळवलंय." मग जरा नरमल्या. "आमच्या विश्वस्तांकडेही गेले होते मी. त्यांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, त्या वॉर्डाचा खर्च सिनॉडने द्यायचा असं आम्ही कोर्टात म्हटलंय, आता आम्हीच तो केला तर आमचंच म्हणणं पडेल." आत आई पलंगावर बसून चमच्याने पेज ढवळत होती. मला बघून तिने चमचा वर केला, आणि दात नसलेल्या तोंडाने हसली. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी हातही हलवला नाही.

सोमवारी दुपारी दादा माझ्या कामाच्या खोलीत आला. आजवर कधी आला नव्हता. खिशातून रुमाल काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवला. वहिनीने तो धुऊन, इस्त्री करून, त्यात कवळी परत घडीत घालून पाठवली होती. वहिनीचं हे असं, घर पेटलं तरी पडद्यांच्या चुण्या सारख्या करेल. "हे काय होतं?" त्याने विचारलं.

"दान."

"चर्चच्या सगळ्या वडीलमंडळींसमोर मी पिशवी उलटी केली. टेबलावर आईचे दात."

"मग पावती फाडलीस की नाही?"

तो स्टुलावर बसला. दावा सुरू झाल्यापासून तो वाळत चालला आहे. निवृत्तीनंतर हातात आलेलं सगळं त्याने त्या निधीत घातलं, मग गाडी विकून घातली, आता पायी हिंडतो, आणि बुटांची टाच एका बाजूला इतकी झिजली आहे की तो बसला तरी वाकडा उभा असल्यासारखा दिसतो. त्याने एक पै खाल्ली असती तर किती बरं झालं असतं! मी मनसोक्त रागावले तरी असते. "वॉर्डाचं अनुदान तुम्ही वळवलंत," मी म्हणाले. तो म्हणाला, "स्थगित केलंय. वळवलं नाही."

"मग आईलाही स्थगित करा. तिची भूक स्थगित करा, तिची लघवी स्थगित करा."

"तोंड सांभाळ."

"तोंडं सांभाळणं हाच माझा धंदा आहे, दादा."

त्याला हसू आलं नाही. मलाही आलं नाही, पण बोलून गेले होते. मग तो समजावायच्या सुरात आला, लहानपणी गणितं शिकवायचा तोच सूर. "अगं, तू एक वॉर्ड बघतेस. रुग्णालय त्यांच्या घशात गेलं तर सगळंच गेलं. रस्त्याकडेची जमीन विकतील, दुकानं काढतील, गरीब माणसाला दारातून परत पाठवतील. ते होऊ नये म्हणूनच भांडतोय ना आपण? आणि भांडायचं तर पैसे कुठून आणू? लोकांच्या खिशात हात घालून घालून किती घालणार? जिंकलो की याच्या दुप्पट वॉर्ड बांधू. आईचं नाव देऊ त्याला." मी म्हणाले, "नाव देणार म्हणजे ती मेल्यावर." पलीकडच्या मशीनवर कोणीतरी दात घासत होतं त्याचा आवाज खोलीभर होऊन राहिला. मग तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुवारी आईची साक्ष आहे. कोर्टाने नेमलेला कमिशनर वॉर्डातच येणार आहे. ती एकटीच उरलीय गं त्या दिवसाची. दात नीट बसवून दे तिला. एक शब्द तर स्पष्ट बोलायचाय."

तो एक शब्द रुग्णालयाच्या दारातल्या दगडावर कोरलेला आहे, आणि मी वाचायला शिकले ती त्याच्यावरच. 'प्रभो, हे घर आपले आहे.' रुग्णालय स्थापणाऱ्या थोरल्या डॉक्टरांनी पायाचा दगड बसवताना केलेली प्रार्थना, एवढीच. ते फार लांबून आलेले, आपली भाषा ते मोठेपणी शिकले. मालकीचा कागद म्हणावा असा त्या काळचा कागद कोणालाच सापडला नाही, म्हणून दोन्हीकडचे वकील या दगडाला येऊन चिकटले आहेत. सिनॉडचा वकील म्हणतो, आपले म्हणजे आपल्या सर्वांचे, म्हणजे तिथे जमलेल्या मंडळीचे, म्हणजे सिनॉडचे. रुग्णालयाचा वकील म्हणतो, छे, डॉक्टर देवाशी बोलत होते, आपले म्हणजे देवा, आपले, आपल्या मालकीचे. आणि जे देवाचं झालं ते कुठल्या सभेचं कसं असेल? त्यावर सिनॉडचा वकील म्हणतो, आमचे लोक देवाला 'तू' म्हणतात, 'आपण' म्हणत नाहीत. त्यावर तो दुसरा म्हणतो, थोरले डॉक्टर झाडूवाल्यालासुद्धा 'आपण' म्हणत, मग देवाने काय घोडं मारलं होतं? एवढ्याशा अक्षरांवर दोन निधी जगत आहेत. आणि आम्ही पोरं त्या दगडावर बसून खडूने रेघोट्या ओढायचो. मागच्या बाजूला नर्सबायांच्या खोल्या होत्या, त्यातली एक आमची. दादा त्या रुग्णालयात जन्मला, मी जन्मले, बाबा तिथेच गेले. फिनेलचा वास आला की मला अजून घरी आल्यासारखं वाटतं. लोक नाकाला रुमाल लावतात आणि मी छाती भरून घेते. आई रात्रपाळी करून यायची, दमलेली, आणि आम्हाला कडू औषध पाजायचं असलं की थोरल्या डॉक्टरांची नक्कल करायची. "हां, आता, आपलं, तोंड उघडावे," असं घोगऱ्या आवाजात म्हणायची, आणि आम्ही हसायला तोंड उघडलं की चमचा आत. दादा सर्वांत मोठ्याने हसायचा. ते हसणं त्याने कुठे नेऊन पुरलं, देव जाणे.

मंगळवारी मी वॉर्डात जाऊन आईच्या तोंडाचं माप घेतलं. हे काम खरं तर दंतवैद्याचं, पण म्हटलं, माझ्या आईचं तोंड, कोण काय करणार आहे. गुलाबी लगदा कालवला, कवळीच्या आत पसरला, आणि म्हटलं, "आई, आ कर." तिने केला. इतक्या लोकांची तोंडं मी हाताळली, पण ती सगळी प्लास्टरची, मेलेली. हे ऊन होतं, ओलं होतं, आणि आत काहीच नव्हतं. ज्या तोंडाने ती गाणी म्हणायची, रागवायची, ज्या दातांनी शिवताना दोरा तोडायची, तिथे आता दोन मऊ कड्या. लगदा घट्ट होईपर्यंत मला तिची हनुवटी धरून बसावं लागलं. ती बोलू शकत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत कसला म्हणून प्रश्न नव्हता. तिला वाटत होतं मी दात नीट करायला आलेय. मला अचानक अशी भीती वाटली की या कवळीत मीच काहीतरी घालते आहे, दादाला हवा असलेला शब्द, मापात बसवून. मी हात काढून घेतला. शेजारचे दोन पलंग रिकामे झाले होते, गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि उघड्या पडलेल्या लोखंडी पट्ट्यांवर कोणीतरी चादरी वाळत टाकल्या होत्या. आईने लगदा लागलेले ओठ पुसले आणि म्हणाली, "या दोघी कुठे गेल्या गं? कोणी सांगत नाही." मी म्हटलं, घरी गेल्या. "घरी?" ती म्हणाली. "यांना कुठलं आलंय घर?" बुधवारी सकाळी कामावर जाऊन मी ती कवळी इतकी मन लावून केली की तसं काम मी आयुष्यात केलं नाही.

गुरुवारी वॉर्डात कमिशनर आला, दोन्ही वकील आले, एक टंकलेखक आला आणि त्याचं यंत्र ठेवायला जेवणाचं चाकांचं टेबल ओढून आणलं. कमिशनर बरा माणूस वाटला, सर्दी झालेला. दादा भिंतीला पाठ लावून उभा होता, आणि रुग्णालयाचे एक विश्वस्त, तेही आमच्याच चर्चचे, तिसऱ्या बाकावरचे, खिडकीशी उभे होते. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. आई मात्र खूष! पांढरं पातळ नेसली होती, केस विंचरून घेतले होते, नवे दात घट्ट बसले होते आणि इतकी माणसं भेटीला आली होती. शपथ झाली. सिनॉडचा वकील खुर्ची पुढे ओढून गोड आवाजात म्हणाला, "आजी, घाबरायचं नाही हां. मी आपलं एकच विचारणार आहे. दगड बसवला तेव्हा तुम्ही तिथे होता?"

"होते की. सगळ्यात धाकटी मीच होते. चुन्याचं घमेलं माझ्या हातात होतं."

"थोरले डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय?"

"आठवतंय तर! त्यांनी थापी घेतली, चुना लावला, दगड बसवला. मग वर बघितलं आणि म्हणाले, प्रभो, हे घर, आपलं…" इथे आई थांबली. सगळे पुढे झुकले. टंकलेखकाची बोटं वर राहिली. "…आहे. आमेन."

"म्हणजे, हे घर आपले आहे," वकील म्हणाला. "आपले म्हणजे आपल्या सगळ्यांचे. बरोबर ना, आजी?"

"नाही हो," आई म्हणाली. "आपले नाही म्हणाले. आपलं म्हणाले."

रुग्णालयाचा वकील लगबगीने उठला. "देवाला उद्देशून म्हणाले, असंच ना?"

"कोणालाच नाही. त्यांना सवय होती तशी. शब्द आठवला नाही की ते आपलं म्हणायचे. आता, आपलं, श्वास घ्यावा. इकडे, आपलं, पाय करावा. भाषा शिकलेले ना ते, आमच्याच कडून उचललेलं. आता हे साहेब नाही का म्हणाले, मी आपलं एकच विचारतो? त्यात त्यांचं काय आणि माझं काय?" आणि ती हसली. "त्या दिवशी तर त्यांना शब्द सुचेचना. किती वेळ वर बघत राहिले. आम्हा पोरींना हसू आवरेना, मी ओठ चावून धरला होता. शेवटी म्हणाले, आहे, आमेन. कारकुनाने ते छान जुळवून लिहून घेतलं, आणि गवंड्याने कोरलं."

मला तो कडू चमचा आठवला, घोगरा आवाज आठवला, आणि मी दादाकडे बघितलं. त्यालाही आठवलं होतं. त्याचा चेहरा इतका उघडा पडला होता की मला नजर काढून घ्यावी लागली. कमिशनरने नाक पुसलं आणि विचारलं, "पण आजी, त्यांना म्हणायचं काय होतं? कुठला शब्द आठवत नव्हता त्यांना?"

आईने खरंच विचार केला. "ते कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "वेळ कुठे मिळाला? दगड बसवताना गवंड्याचं बोट सापडलं होतं खाली. रक्त बघून सगळे ओरडले. मग डॉक्टर तिथेच चिखलात मांडी घालून बसले आणि त्याचं बोट शिवायला लागले. मी घमेलं टाकलं आणि पाणी आणायला धावले. भिंतीसुद्धा नव्हत्या अजून."

दोन्ही वकील एकमेकांकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत होत होतं. सिनॉडचा वकील हळूच म्हणाला, साहेब, वयोमानाचा विचार व्हावा. रुग्णालयाचा म्हणाला, आमचीही हरकत नाही. कमिशनरने जरा वेळ छताकडे पाहिलं आणि टंकलेखकाला सांगितलं, "लिहा. साक्षीदार घटनास्थळी हजर होत्या. मात्र वयपरत्वे नेमके शब्द त्यांना आठवत नाहीत." यंत्र खडखडलं. "आठवतायत की मला," आई म्हणाली. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. "सांगितलं ना मी आत्ता? नीट ऐकू गेलं नाही का त्यांना?" मी तिचा हात धरला. मी ओरडायला हवं होतं, ते टेबल लाथ मारून उलटवायला हवं होतं. एरवी माझी जीभ कुठे म्हणून अडत नाही. तिथे अडली. जगात तेव्हा एकच माणूस खरं बोलत होतं आणि त्याला सही येते का हे न विचारताच अंगठ्यासाठी शाई पुढे केली जात होती.

बाहेर व्हरांड्यात दादा मला गाठून म्हणाला, "कवळी सैल होती का?"

"नाही."

"मग ती अशी का बोलली?"

"घट्ट बसली होती म्हणूनच बोलली, दादा."

तो व्हरांड्याच्या बाकावर बसला, जिथे पेशंटचे नातेवाईक बसतात. झिजलेला बूट वाकडा पडला. मला वाटलं आता तो रडेल, किंवा हसेल, लहानपणीसारखा; दोन्हीपैकी काहीही केलं असतं तर मी त्याच्या शेजारी बसले असते. पण तो म्हणाला, "हे असं रेकॉर्डवर आलं नाही ते बरंच झालं. वकील म्हणतात, दगडावर जे आहे तेच धरून चालायचं. निकाल विरुद्ध गेला तर वरच्या कोर्टात जावं लागेल. त्याची तयारी आत्तापासून करावी लागेल." आणि तयारी म्हणजे काय ते मला कळलं, कारण बोलताना त्याचे दोन्ही हात मांडीवर एकापुढे एक आले होते आणि मुठी वळल्या होत्या, पिशवीची दांडी धरल्यासारख्या. मला त्याची दया आली आणि त्या दयेची चीड आली. "आईचं काय?" मी विचारलं. "तुझ्याकडे ने ना," तो म्हणाला. "थोडेच दिवस. आमच्याकडे जिना आहे." माझ्याकडेही जिना आहे. मी तसं म्हटलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिला आणायला गेलो. भाड्याची गाडी केली; दादाची असती तर बरं, पण ती वकिलाच्या दिवाणखान्यात कुठेतरी गालिचा होऊन पडली असणार. वॉर्डात आई शेवटची. मोठ्या सिस्टरने तिचा पलंग स्वतः आवरला, उशीचा अभ्रा काढून घेतला कारण तो रुग्णालयाचा होता, आणि मग काय वाटलं कोण जाणे, परत उशीला चढवला आणि उशी माझ्या हातात दिली. "ठेवा," त्या म्हणाल्या. "कोणी विचारलं तर सांगा मी दिली." आई चाकांच्या खुर्चीत बसून सगळ्यांना हात करत गेली, सफाईवालीला, औषधांच्या खिडकीला, एक्स-रेवाल्याला. त्याने हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. तिला वाटत होतं तपासणीला नेतायत. मी दोनदा सांगितलं होतं, पण ती ऐकून हसायची आणि विसरायची, किंवा विसरल्यासारखं करायची. म्हाताऱ्या नर्सबायांचा काही भरवसा नाही. दारातल्या दगडापाशी खुर्ची अडली. त्यावर रुग्णालयाच्या लोकांनी काचेची पेटी बसवली होती आणि सिनॉडच्या लोकांनी त्या पेटीला कुलूप घातलं होतं. दादाने पुढून धरलं, मी मागून, आणि आम्ही खुर्ची उचलून बाहेर काढली. ती वजनाला काहीच नव्हती.

दादा पुढे ड्रायव्हरजवळ बसला. मी आईला मागे टेकवून बसवलं, पाठीशी ती उशी दिली. गाडी फाटकातून बाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली, आणि फिनेलचा वास कधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही. आई खिडकीतून दुकानं बघत होती. बऱ्याच वेळाने तिने माझा हात हलवला. शब्द अगदी स्पष्ट आले. काम चांगलं झालं होतं माझं.

"कुठे चाललोय गं आपण?"

"घरी, आई."

"कोणाच्या?"

"आपल्या," मी म्हणाले.

तिने मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. लहान मुलाची चूक हळूच दाखवावी तसं तिने ड्रायव्हरच्या सीटवर बोटाने टकटक केलं. "अहो, गाडी वळवा," ती म्हणाली. "आपलं मागे राहिलं."

ड्रायव्हरने वेग कमी केला आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. "वळवू का, ताई?" दादा पुढे बघत होता. त्याची मान मला मागून दिसत होती, म्हाताऱ्या माणसाची मान, आणि ती कुठल्याच बाजूला हलली नाही. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला.

"नको," मी म्हणाले. "सरळ घ्या."